वरची ओळ: पक्षाला नेमकं काय सांगायचंय, हे कसं ओळखायचं

तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे एका छापखान्यात मी अकरा वर्षं डीटीपीचं काम केलं. निवडणूक लागली की सगळ्याच पक्षांची माणसं आमच्याकडे यायची. सकाळी एका झेंड्याची, दुपारी दुसऱ्या, आणि रात्री दहानंतर बंडखोर. प्रत्येकाच्या हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर मुद्दे: रस्ते, पाणी, दिवाबत्ती, तरुणांना रोजगार, महिला सक्षमीकरण, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. मी ते सगळं टाइप करायचे आणि शेवटी विचारायचे, "वरची ओळ काय टाकू?"

वरची ओळ म्हणजे उमेदवाराच्या फोटोच्या वर, सगळ्यात मोठ्या टायपात जाते ती. या प्रश्नावर बहुतेक जण गप्प व्हायचे, एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "ताई, तुम्हीच टाका काहीतरी चांगलं." एका वर्षी एकाच वॉर्डातल्या तीन उमेदवारांना मी "आपला माणूस, हक्काचा माणूस" हीच ओळ टाकून दिली. तिघांनीही पत्रकं उचलली आणि वाटली. एकाचीही तक्रार आली नाही.

तेव्हापासून निवडणुकीकडे बघायची माझी एकच रीत आहे. या पक्षाला वरची ओळ आहे का? असेल तर ती मुंबईपासून आमच्या वाडीपर्यंत तीच आहे का? मतदार यादीत ज्यांचं नाव पहिल्यांदा लागलंय आणि जे पहिल्यांदा कुणाच्या प्रचाराला निघालेत, त्यांच्यासाठी ती रीत इथे पायरीपायरीने मांडते. लागणारं साहित्य: एक शंभर पानी वही, पेन आणि प्रचाराचे शेवटचे दोन-तीन आठवडे.

आधी एक खुलासा. सांगणं स्पष्ट आहे म्हणजे ते चांगलं किंवा खरं आहे, असं नाही. अतिशय स्पष्ट आणि अतिशय वाईट सांगणंही असतं, आणि ते लवकर पोचतं. आपण इथे फक्त ओळ आहे की नाही ते शोधतोय. ती पटते का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

पायरी १: कागद गोळा करा

फोनवर येणाऱ्या रील आणि फॉरवर्डवर भिस्त ठेवू नका. छापील कागद घ्या, कारण छापताना माणसाला निवड करावी लागते. कागदाला कडा असतात.

दोन गोष्टी हव्यात. पहिली, राज्य पातळीवरचा जाहीरनामा. त्याला प्रत्येकाचं वेगळं नाव. भाजप 'संकल्पपत्र' म्हणतो, शिवसेनेत 'वचननामा' हा जुना शब्द, शरद पवारांच्या राष्ट्रवादीने २०२४ च्या लोकसभेला 'शपथनामा' काढला आणि महाविकास आघाडीने त्याच वर्षी विधानसभेला 'महाराष्ट्रनामा'. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या उमेदवाराचं पत्रक, जे दाराच्या कडीला अडकवलेलं किंवा पेपरात घातलेलं सापडतं.

पत्रक हातात आलं की आधी तळाशी बघा. मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता तिथे असायलाच हवा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७-अ तसं सांगतं. छापण्याआधी प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीसह प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. आमच्या मालकांनी त्या कागदांची वेगळी फाइल ठेवली होती आणि घाईत आलेल्या कार्यकर्त्यांशी त्यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं व्हायची. तळाशी नाव नसलेलं पत्रक वहीत घेऊ नका. ते कुणाचं सांगणं आहे तेच कळत नाही. बऱ्याचदा ते विरोधकाच्या बदनामीचं असतं.

आता जाहीरनामा वाचायचा. सगळा वाचून होत नाही, माझाही झालेला नाही. त्यासाठी एक युक्ती: पक्षाचं नाव आणि चिन्ह हाताने झाका आणि जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात खपून जाईल, त्यावर पेन्सिलने काट मारा. 'सर्वांगीण विकास' गेला. 'शेतकऱ्यांच्या हिताला प्राधान्य' गेलं. 'तरुणांच्या हाताला काम' गेलं. काट मारून झाल्यावर जे उरेल ते त्या पक्षाचं. कधी पाच ओळी उरतात, कधी एक. काहीच उरलं नाही, तर तसं लिहून ठेवा.

उरलेल्या ओळींजवळ पैशाचं वाक्य शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी वेगळा भाग घातला. आश्वासनामागचं कारण सांगावं आणि खर्च कुठून करणार हे ढोबळपणे तरी मांडावं, अशी त्यात अपेक्षा आहे. अशी वाक्यं बहुतेक वेळा सापडत नाहीत. सापडली, तर तिथे कुणीतरी विचार केलाय एवढं नक्की.

पायरी २: घोषणा कुठली, सांगणं कुठलं

नवख्यांची गल्लत इथे होते. भिंतीवर रंगवलेली ओळ म्हणजे पक्षाचं सांगणं, असं वाटतं. ते तसं असेलच असं नाही.

सांगण्यात तीन गोष्टी लागतात: कुणाचं काय दुखतंय, ते कुणामुळे, आणि आम्ही काय करणार. घोषणेत यातलं एक असलं तरी चालतं, किंवा काहीच नसलं तरी. १९७१ मध्ये विरोधक 'इंदिरा हटाओ' म्हणत होते आणि इंदिरा गांधींनी 'गरिबी हटाओ' हे उत्तर दिलं. पहिल्या घोषणेत एक व्यक्ती आहे. दुसरीत ऐकणाऱ्याचं घर आहे. काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. गरिबी हटली का, हा प्रश्न माझ्या आजीपासून सगळ्यांनी विचारून झालाय.

आपल्याकडचं उदाहरण २०१४ च्या विधानसभेचं. भाजपची ओळ होती, 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' ती प्रश्नाच्या रूपात होती, पण त्यात दुखणं होतं, पंधरा वर्षं राज्य करणाऱ्या काँग्रेस-राष्ट्रवादीकडे बोट होतं आणि उत्तर ऐकणाऱ्याने स्वतः द्यायचं होतं. टीव्हीवर ती इतकी वाजली की आमच्या छापखान्यात शाई सांडली तरी मालक तीच ओळ म्हणायचे. भाजपने १२२ जागा जिंकल्या. पुढे सरकार त्यांचं आलं आणि विरोधकांनी तोच प्रश्न उलटा त्यांनाच विचारायला सुरुवात केली. प्रश्नाच्या रूपातल्या ओळीचा हा धोका: सत्ता आली की ती परत येते.

'मी पुन्हा येईन' ही २०१९ ची देवेंद्र फडणवीसांची ओळ बघा. त्यात येणारा आहे, पण कशासाठी ते ओळीत नाही. भाषणात पुढे होतं, लोकांच्या तोंडी मात्र एवढंच राहिलं. निकालानंतर शिवसेना बाजूला झाली आणि ओळीची चेष्टा झाली. २०२४ च्या डिसेंबरात ते मुख्यमंत्री म्हणून खरोखरच पुन्हा आले, पण त्या निवडणुकीची वरची ओळ वेगळीच होती. तिच्याकडे पुढे येते.

कधी ओळ शब्दांत नसतेही. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलत राहिले. त्या सभेत ते काय बोलले, हे मला आज आठवत नाही. फोटो सगळ्यांना आठवतो. वहीत असा फोटोही 'ओळ' म्हणून नोंदवा, पण कंसात लिहा: शब्द नाहीत.

पायरी ३: वरून खाली उतरत जा

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिच्यासाठी घराबाहेर पडावं लागतं.

चार जणांना एकच प्रश्न विचारायचा: "या वेळी तुमच्या पक्षाला मत का द्यायचं? एका दमात सांगा." पहिला, राज्याचा नेता. त्याला तुम्ही विचारू शकणार नाही, पण टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने दिलेलं उत्तर लिहा. दुसरा, उमेदवार. चौकसभा संपल्यावर तो पाच मिनिटं उभा असतो, तेव्हा गाठा. तिसरा, मतदानाआधी घरोघरी पोलचिट वाटणारा कार्यकर्ता. चौथा, त्या पक्षाला नेहमी मत देणारा तुमच्या ओळखीचा कुणीही: न्हावी, पिठाच्या गिरणीवाला, मावशी.

चौघांची उत्तरं एकाखाली एक लिहा. शब्द वेगळे असणारच, गाभा एक आहे का ते बघा. नेता राष्ट्रीय सुरक्षेवर, उमेदवार बायपासवर, कार्यकर्ता "साहेबांनी सांगितलंय म्हणून" आणि मावशी "आमच्या घरात पहिल्यापासून त्यालाच" असं बोलत असतील, तर पक्षाकडे माणसं आहेत, सवय आहे. ओळ नाही. यावरही निवडणुका जिंकता येतात. महाराष्ट्रात साखर कारखाना, जिल्हा बँक आणि दूध संघ यांच्या जोरावर कितीतरी मतदारसंघ वर्षानुवर्षं असेच जिंकले गेले. पण मग त्याला सांगणं म्हणू नका.

कार्यकर्त्याचं उत्तर मी सगळ्यात जास्त वजनदार धरते. नेत्याला बोलायला शिकवणारी माणसं असतात. पोलचिट वाटणाऱ्या पोराला कुणी शिकवत नाही. त्याच्या तोंडून जे निघतं ते खरंच झिरपलेलं असतं.

आणि कधी कधी ओळ खालून वर जाते. २०२४ च्या लोकसभेला भाजपने 'अब की बार ४०० पार' म्हटलं. त्याच पक्षाचे कर्नाटकातले खासदार अनंतकुमार हेगडे यांनी राज्यघटना बदलण्यासाठी एवढं बहुमत हवं, असं बोलून दाखवलं. पक्षाने हात झटकले, पण तोवर आमच्याकडच्या वस्त्यांमध्ये 'संविधान' हा शब्द पोचला होता. विरोधकांनी तो उचलला, हे खरं. मात्र मी तेव्हा ज्यांच्याशी बोलले त्यांना हा शब्द सभेतून कळलेला नव्हता. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आपापसात बोलताना तो मोठा झाला होता. नाशिक-दिंडोरीकडे कांद्याच्या निर्यातबंदीने तेच काम केलं. म्हणजे विरोधकांची वरची ओळ अर्धी भाजपच्याच घोषणेने लिहिली. तुमच्या वहीत 'ही ओळ कुणी लिहिली?' असा एक रकाना ठेवा. उत्तर दर वेळी पक्षाचं नाव नसेल.

पायरी ४: आघाडी असेल तर दुप्पट वेळ ठेवा

एका पक्षाचं सांगणं शोधणं सोपं. तीन पक्ष एकत्र आले की गुंता होतो, आणि महाराष्ट्रात आता तेच जास्त. शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन. नवख्या मतदाराला आधी कोण कुठे आहे हेच चिठ्ठीवर लिहून घ्यावं लागतं.

२०२४ ची विधानसभा अभ्यासाला घ्या. त्या वर्षी जूनमध्ये लोकसभेचे निकाल लागले तेव्हा राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीकडे होत्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ जागांमध्ये महायुतीतले भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर महाविकास आघाडीतली ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. पाच महिन्यांत एवढा फरक. त्याला पैसा, संघटना, जातींची गणितं अशी बरीच कारणं आहेत, आणि फक्त सांगण्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या वहीपुरतं सांगण्याकडे बघू.

महायुतीने जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आणली, महिन्याला १५०० रुपये. ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमाराला, पहिले दोन हप्ते खात्यात पडले. विरोधकांचं पहिलं म्हणणं: तिजोरी रिकामी होईल, ही निवडणुकीपुरती रेवडी आहे. नोव्हेंबरमध्ये त्यांनीच 'महालक्ष्मी' योजना जाहीर केली, महिन्याला ३००० रुपये. आमच्या शेजारच्या काकूंनी तेव्हा मला विचारलं, "योजना वाईट असेल तर दुप्पट कशाला देतायत? आणि चांगली असेल तर जे देतायत त्यांना का हाकलायचं?" मी राजकारणाचे कार्यक्रम तासन् तास बघते. काकूंना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांच्या दारी आलेल्या कार्यकर्त्याकडेही नव्हतं.

दुसरं, चेहरा. ऑगस्टमध्ये मुंबईत षण्मुखानंद सभागृहातल्या मेळाव्यात उद्धव ठाकरेंनी मित्रपक्षांना जाहीरपणे सांगितलं की मुख्यमंत्रिपदाचं नाव ठरवा, मी पाठिंबा देतो. शेवटपर्यंत नाव ठरलं नाही. तिसरं, जागावाटप. ऑक्टोबरमध्ये ८५-८५-८५ चं सूत्र जाहीर झालं आणि मग आकडे बदलत राहिले. काँग्रेसने शेवटी शंभरावर जागा लढवल्या. सोलापूर दक्षिणमध्ये तर मतदानाच्या दिवशीच शिंदे पिता-कन्येने, म्हणजे सुशीलकुमार आणि खासदार प्रणिती यांनी, आघाडीतल्या ठाकरेंच्या उमेदवाराऐवजी अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. रांगेत उभ्या असलेल्या मतदाराने काय समजायचं?

शिवसेना फुटली तेव्हापासूनच्या 'गद्दार' आणि 'पन्नास खोके' या शब्दांचं काय? ठाकरेंच्या शिवसैनिकाला ते काळजाला भिडत होते. पण लातूरच्या सोयाबीनवाल्या काँग्रेस मतदाराचं दुखणं वेगळं होतं. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात तेवढाही मिळत नाही, हे त्याचं रडगाणं. एका मित्रपक्षाचा राग दुसऱ्या मित्रपक्षाच्या मतदाराला उसना देता येत नाही. आघाडीचं सांगणं तपासताना हेच आधी बघा: अ पक्षाची ओळ ब पक्षाच्या मतदाराच्या घरात म्हणून बघितली तर ती तिथे टिकते का?

महायुतीत सगळं एकसुरी होतं असं मुळीच नाही. योजनेच्या नावात 'मुख्यमंत्री' हा शब्द होता. अजित पवारांच्या पक्षाच्या जाहिरातींतून तो गळला आणि सगळं गुलाबी झालं. त्यावरून मंत्रिमंडळात कुरबुरी झाल्याच्या बातम्या आल्या. 'बटेंगे तो कटेंगे' ही योगी आदित्यनाथांची घोषणा इथे चालणार नाही, असं अजित पवार उघड बोलले. भाजपच्याच पंकजा मुंडेंनी आणि अशोक चव्हाणांनीही तिच्यापासून अंतर राखलं. म्हणजे कडेला भांडणं होती, मधोमध एक ओळ होती: खात्यात पडलेले १५०० रुपये. ती ओळ तिन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांना पाठ होती, कारण ती पाठ करावीच लागत नव्हती. बँकेचा मेसेज दाखवला की झालं. राज्याच्या तिजोरीला ती परवडते का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, आजही पडतो. पण वहीत मी तिच्यासमोर टिक केली.

आणखी एक रकाना: पक्ष कुठे गप्प बसतो. मराठ्यांना ओबीसी कोट्यातून आरक्षण द्यावं का, एवढा सरळ प्रश्न २०२४ मध्ये कुणालाही विचारून बघायचा होता. बहुतेकांकडून असं उत्तर आलं जे एका गावात एका अर्थाने आणि शेजारच्या गावात दुसऱ्या अर्थाने ऐकू येईल. सत्ताधारी असोत की विरोधक. अशी गोल उत्तरं जशीच्या तशी, शब्दशः उतरवून ठेवा.

पायरी ५: जुन्या निवडणुकांशी ताडून बघा

आजची ओळ दोन-तीन निवडणुकांमागे नेऊन बघायची. जालावर जुन्या भाषणांचे व्हिडिओ सापडतात, एका संध्याकाळचं काम आहे.

मनसे हे त्यासाठी उत्तम उदाहरण. राज ठाकरेंइतकं नेमकं बोलणारा नेता आजच्या महाराष्ट्रात क्वचित सापडेल. २००९ मध्ये पहिल्याच विधानसभेला १३ आमदार आले, ओळ होती मराठी माणूस. २०१४ मध्ये विकास आराखडा आला, १ आमदार. २०१९ च्या लोकसभेला स्वतःचा एकही उमेदवार नसताना मोदींविरोधात गाजलेल्या सभा झाल्या. 'लाव रे तो व्हिडिओ' अजूनही लग्नाच्या मंडपात ऐकू येतं. २०२४ च्या गुढीपाडव्याला त्याच मोदींना बिनशर्त पाठिंबा. त्या वर्षी विधानसभेत शून्य. प्रत्येक भाषण घ्या, स्वच्छ. सगळी एकाखाली एक लावा आणि तुमच्या तुम्ही एक वाक्य काढून बघा. मला जमलेलं नाही.

मग २०२५ आलं. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय निघाले, विरोध झाला, जूनअखेरीस सरकारने ते मागे घेतले आणि ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. त्या दिवशी ओळ एका शब्दाची होती: मराठी. झेंडे नव्हते, तरी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पण ज्या मागणीसाठी मोर्चा ठरला होता ती आधीच मान्य झाली होती, म्हणून मोर्च्याचा विजयी मेळावा झाला. दुसऱ्या दिवशीपासून प्रश्न उभा: आता पुढचं वाक्य काय?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झाली. एस. एम. जोशींचे समाजवादी, डांग्यांचे कम्युनिस्ट, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, दलित फेडरेशन, हिंदुत्ववादी असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक त्यात होते. त्यांना एकत्र ठेवणारी ओळ अवघी चार शब्दांची: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीने काँग्रेसला घाम फोडला. १ मे १९६० ला राज्य झालं. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला. ओळ पूर्ण झाली आणि तिच्याखाली दुसरी ओळ लिहिलेली नव्हती. इतकं स्वच्छ सांगणं मराठी राजकारणात त्याआधी किंवा नंतर झालं नसेल, तरी पक्ष म्हणून ते उरलं नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचंही बघा. 'भीक नको, हवे घामाचे दाम.' शेतमालाला रास्त भाव, हा एककलमी कार्यक्रम. सभांना लाखांनी शेतकरी. नंतर त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण बिल्ला लावून सभेला आलेली सगळी गर्दी मतपेटीपर्यंत गेली नाही. माझे मामा तो लाल बिल्ला छातीवर लावून मतदानाला जायचे आणि मत जुन्या पक्षालाच द्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "आंदोलन वेगळं, सोसायटीचं कर्ज वेगळं."

पायरी ६: ओळ यंत्रापर्यंत पोचते का

ही छोटी पायरी, पण नवखे विसरतात. सांगणं कितीही धारदार असलं तरी शेवटी बटणाशेजारी चिन्ह असतं. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं होतं आणि काही मतदारसंघांत अपक्षांना 'तुतारी' मिळालं, ज्याला लोक पिपाणी म्हणत. साताऱ्यात पक्षाचा उमेदवार सुमारे ३२ हजार मतांनी हरला आणि पिपाणीला ३७ हजार मतं पडली. दिंडोरीत पिपाणीवाल्याला लाखाच्या वर मतं गेली, तरी पक्षाची जागा वाचली. तुमच्या वहीतल्या मावशीला सांगणं विचारून झालं की चिन्हही विचारा. चिन्ह चुकलं तर वरची ओळ अक्षरशः दुसऱ्याच्या खात्यात जाते.

गावच्या निवडणुकीत गोंधळ वाढतो. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या मतदानात राज्यात एकत्र सत्तेत असलेले पक्ष कितीतरी गावांत समोरासमोर उभे होते. तिथे राज्याचा जाहीरनामा बाजूला ठेवा. नगराध्यक्षाच्या उमेदवाराचं पत्रक आणि त्याच पक्षाच्या तुमच्या प्रभागातल्या उमेदवारांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून तिसरी पायरी पुन्हा करा. बऱ्याचदा एकाच पॅनेलच्या दोघांना एकमेकांचं पत्रक माहीत नसतं. हे मी टाइप करताना डोळ्यांनी पाहिलंय.

प्रचार करणाऱ्यांसाठी

तुम्ही पक्षाच्या बाजूने बसला असाल, तर हेच उलट्या क्रमाने करा. मुद्द्यांच्या यादीपासून सुरुवात नको. आधी तुमच्या प्रभागातल्या दहा घरांत जा, काही बोलू नका, फक्त ऐका. दहातल्या सहांनी जी तक्रार केली ती त्यांच्याच शब्दांत उतरवा. 'पाणीपुरवठा सक्षमीकरण' असं लिहाल तर ते तुमच्याशिवाय कुणाचंच नाही. "टाकी भरलेली, नळ कोरडा" हे त्यांचं आहे. त्याखाली एकच वाक्य: तुम्ही काय करणार, किती दिवसांत. बाकीचे दहा मुद्दे पत्रकाच्या मागच्या बाजूला टाका. डीटीपीवाली तुम्हाला दुवा देईल, तिला फोटोसाठी जागा मिळते.

आकडा देणार असाल तर जपून. महायुतीने २०२४ च्या प्रचारात १५०० चे २१०० करू म्हटलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० आले नाहीत. कर्जमाफीच्या आश्वासनाचंही तसंच: त्याच महिन्यात बारामतीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा म्हणून सांगितलं. आकडा लक्षात राहायला सोपा, हाच त्याचा फायदा आणि हीच त्याची गोची.

वही कधी बंद करायची

मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो, भोंगे बंद होतात. त्या संध्याकाळी वही उघडा आणि तुमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक पक्षासाठी एका पानावर एकच ओळ लिहा, मोठ्या अक्षरात. सुचली नाही तर पान कोरं ठेवा, स्वतःच्या मनाने भरू नका. मी अकरा वर्षं लोकांसाठी तेच करत होते.

मतदान करून आलात की वही रद्दीत टाकू नका. मी माझ्या वह्या गव्हाच्या कोठीवर ठेवते. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी लागतात.